कागदावरचं हरीण

शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे वाघ, मचाण, हाकारे आणि मेलेल्या जनावराशेजारी बंदूक टेकवून उभे राहिलेले संस्थानिक डोळ्यांसमोर येतात. मला लिहायचंय ते याहून पुष्कळ साध्या गोष्टींबद्दल: एक नकाशा आणि एक लक्ष्य. नकाशा मुठीत मावणाऱ्या जीपीएस यंत्राच्या पडद्यावरचा, आणि लक्ष्य म्हणजे घरच्या प्रिंटरवर छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून गोळ्या मारायचा कागद. दोन्ही अमेरिकेतले. माझी भाची विस्कॉन्सिन राज्यात राहते. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा हंगाम असतो, आणि तिच्या शेजारचं कुटुंब दरवर्षी भडक नारिंगी कपडे घालून रानात जातं. मी मागितले म्हणून तिने त्यांच्याकडचे कागद आणि यंत्राच्या पडद्याचे फोटो पाठवले. "मावशी, तुला कशाला हवंत हे?" असं विचारायला ती विसरली नाही.

प्रश्न बरोबरच आहे. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवेलागणीच्या आत जेवण उरकणाऱ्या घरातली बाई मी. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. आमच्यापासून फार लांब नसलेलं दाजीपूरचं रान एकेकाळी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं, तिथे आता गव्यांचं अभयारण्य आहे. म्हणजे हे कागद आपल्या कुणाच्या उपयोगाचे नाहीत. पण जे आपण करणार नाही, ते करणारा माणूस काय विचार करतो हे त्याच्या बंदुकीपेक्षा त्याच्या सरावाच्या कागदांवरून जास्त कळतं. म्हणून एखादं पुस्तक वाचावं तसे हे कागद मी वाचले.

आधी नकाशा. जीपीएस ही मुळात अमेरिकेच्या सैन्याची व्यवस्था. किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून यंत्र आपली जागा ठरवतं. सामान्य माणसाला मिळणारा संदेश त्या सरकारने मुद्दाम थोडा बिघडवून ठेवला होता, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनेही चुकायची. मे 2000 मध्ये तो बिघाड काढून टाकला आणि एका रात्रीत साधं यंत्रही काही मीटरच्या आत जागा सांगायला लागलं. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. शंभर मीटर म्हणजे नुसतं 'त्या टेकडीच्या बाजूला कुठेतरी' आणि काही मीटर म्हणजे 'या ओकच्या झाडाखाली'.

यंत्र काय करतं? आधी गाडी उभी केली तिथे खूण करायची, म्हणजे अंधार पडला तरी परतता येतं. मोबाइलचं जाळं नसलं तरी ते चालतं. कुठे पाऊलखुणा दिसल्या, कुठे शिंगं घासलेली खोडं दिसली, हे नोंदवता येतं. गोळी लागल्यावर हरीण जागीच पडतं असं नाही, पुष्कळदा ते पळतं. तेव्हा ते उभं होतं ती जागा, मग पहिला रक्ताचा थेंब, मग दुसरा, अशा खुणा करत गेलं की पडद्यावर एक रेघ तयार होते आणि जनावर कुठल्या दिशेला गेलं ते कळतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण विचार केला तर ही रेघ दयेचीच म्हणायला हवी. ती नसेल तर जखमी जनावर झुडपात रात्रभर तडफडणार, आणि शिकारी दुसऱ्या दिवशी दुसरं मारायला मोकळा.

या नकाशांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे जमीन कुणाची हे ते रंगांनी दाखवतात. सरकारी कुठली, खाजगी कुठली, कुंपण नसलं तरी हद्द कुठे आहे. पश्चिम अमेरिकेत याला फार महत्त्व आहे. तिथे 1862 च्या कायद्यापासून रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एक आड एक चौरस मैल जमीन देण्यात आली. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक घर खाजगी, एक सरकारी. दोन सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्याच्या टोकावर शिवतात. मग एका सरकारी घरातून दुसऱ्यात जायचं कसं?

वायोमिंग राज्यात एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. 2021 मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी तिथे नकाशा पाहून नेमका कोपरा शोधला, त्यावर घरी बनवून आणलेली लोखंडी शिडी उभी केली आणि खाजगी मातीला पाय न लावता ते या घरातून त्या घरात उतरले. जमीनमालकाचं म्हणणं, पाय लागला नाही तरी माझ्या जमिनीवरच्या हवेतून गेलात. फौजदारी खटला झाला, त्यात 2022 मध्ये ज्यूरीने चौघांना निर्दोष सोडलं. मालकाने लाखो डॉलरच्या भरपाईचा दिवाणी दावा लावला. त्यात पुरावा म्हणून काय आलं? तर एका शिकाऱ्याच्या नकाशातली एक खूण, जी खाजगी जमिनीवर पडली होती. तो तिथे गेला होता, की लांबूनच बोट ठेवून खूण केली होती, यावर वाद. शेवटी 2023 मध्ये निकाल मुख्यतः शिकाऱ्यांच्या बाजूने लागला आणि 2025 मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला.

ही हकीकत वाचताना मला आमच्या मुनींची ईर्यासमिती आठवली. चालताना पुढची चार हात जमीन पाहून, पायाखाली जीव येणार नाही असं पाऊल टाकायचं. इथे चार माणसं पाऊल कुठे पडतंय हे इतक्या काळजीने पाहत होती की त्यांनी त्यासाठी शिडी बनवून आणली. कुणाच्या हक्काला धक्का लागू नये ही त्यांची काळजी खरी होती, मी तिची टिंगल करणार नाही. सरकारी जमीन सगळ्यांची, या तत्त्वासाठी त्यांनी कोर्टकचेऱ्या सोसल्या. पण त्या नकाशातल्या प्रत्येक रंगाला मालक आहे आणि ज्याच्यासाठी सगळे डोंगर चढले त्या जनावराला नकाशात जागाच नाही. ते फक्त खुणेच्या रूपात येतं, आणि तेही 'इथे दिसलं', 'इथे पडलं' एवढंच. ते कुठे पाणी पितं हे नोंदवतात, पण कारण तिथे ते सापडेल म्हणून.

खुणांच्या यादीतला एक शब्दही पाहण्यासारखा आहे. मारलेल्या जनावराला तिथे 'हार्वेस्ट' म्हणतात. सरकारी कागदपत्रांतसुद्धा हाच शब्द. हार्वेस्ट म्हणजे सुगी. जोंधळ्याची असते तशी. आता कुणी म्हणेल, तुम्ही जैनसुद्धा शब्द बदलताच की! हो, बदलतो. आमच्यातल्या हिंदी बोलणाऱ्या श्राविका भाजी 'कापली' म्हणत नाहीत, 'सुधारली' म्हणतात. पण या दोन्हींत फरक आहे. दुध्याच्या बाबतीतसुद्धा तोंडातून 'काप' येऊ नये, म्हणून तो शब्द टाळायचा. टाळताना दर वेळी आठवतं की आपण काहीतरी कापतोय. 'हार्वेस्ट' म्हटलं की उलटं होतं. जे कधी पेरलं नव्हतं त्याची सुगी झाली, आणि रक्त कुठे सांडलं ते शब्दाने पुसून टाकलं.

या यंत्रांच्या पसाऱ्याबद्दल पहिला कडक शब्द शिकाऱ्यानेच लिहिलाय, हे सांगायला हवं. आल्डो लिओपोल्ड हा विस्कॉन्सिनचाच प्राध्यापक, स्वतः जन्मभर शिकार केलेला. 1948 मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक आलं. त्यात तो म्हणतो ते थोडक्यात असं: दुकानदारांनी शिकाऱ्याला उपकरणांनी इतकं मढवलंय की स्वतःच्या अंगातलं कौशल्य वापरायची वेळच त्याच्यावर येत नाही. आणि दुसरं, शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नसतात, रानात त्याचं वागणं पाहायला त्याचा तोच असतो. लिओपोल्डच्या वेळी जीपीएस नव्हतं, पण मुद्दा जुना झालेला नाही. माझी भर एवढीच: आता प्रेक्षक आले आहेत. खुणा साठून राहतात, त्या मित्रांना पाठवता येतात, मोजता येतात. वायोमिंगमध्ये तर त्यातली एक खूण न्यायाधीशांनीही पाहिली. पाहणारे वाढले, पण ते पाहतात ते माणूस कुठे उभा होता हे. त्याने कशावर, कसा नेम धरला हे अजूनही त्याचं त्यालाच ठाऊक.

आता लक्ष्य. बेळगावात कॅन्टोन्मेंटमुळे 'चांदमारी' हा शब्द आम्हाला लहानपणापासून ओळखीचा. सैनिक तिथे नेमबाजीचा सराव करतात, एवढंच आम्हाला ठाऊक. या कागदांमुळे त्या सरावाचं शास्त्र कळलं.

पहिला कागद नुसत्या चौकोनांचा. प्रत्येक चौकोन एक इंचाचा, मधोमध काळा ठिपका. बंदुकीवरच्या दुर्बिणीला एक फिरती कळ असते. बहुतेक दुर्बिणींत ती एकदा 'टक्' केली की शंभर यार्डांवर गोळी साधारण पाव इंच सरकते. म्हणजे गोळी ठिपक्याच्या दोन चौकोन खाली लागली तर आठ वेळा टक्. छापताना एक काळजी घ्यायची: प्रिंटरने कागद 'पानात बसवला' की चौकोन इंचाचा राहत नाही आणि सगळा हिशेब चुकतो. ब्लाऊजचा कागदी बेत मापात नसला तर शिवणाऱ्या बाईचं जे होतं तेच इथे. हा कागद मला आवडला. त्यात अहंकार नाही, फक्त माप आहे.

दुसऱ्या कागदावर हरीण आहे. आडवं उभं, मान किंचित वर, आणि अंगाच्या आत फिकट रेघांनी काढलेलं काळीज आणि फुप्फुसं. मर्मस्थान. तिसऱ्यावर तेच हरीण वेगवेगळ्या कोनांतून: तिरपं पुढे, तिरपं मागे, थेट समोरून, थेट मागून. शेवटच्या दोन चित्रांवर मर्मस्थानाचं वर्तुळच नाही, कारण त्या कोनांतून गोळी झाडू नये असं तिथल्या शिकारशिक्षणात शिकवतात. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 नंतर जन्मलेल्या माणसाला हे शिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. या कागदांबरोबर आणखी एक साधी पद्धत भाचीने लिहून पाठवली. हरणाचं मर्मस्थान साधारण आठ इंचांचं, म्हणजे वाढदिवसाच्या कागदी ताटलीएवढं. ताटली टांगायची आणि मागे मागे सरकत जायचं. ज्या अंतरापर्यंत प्रत्येक गोळी ताटलीत बसते, तेवढंच आपलं अंतर. त्याच्या पलीकडे हरीण कितीही देखणं उभं असलं तरी बंदूक खाली.

या तिसऱ्या कागदाला आणि त्या ताटलीला मी मनापासून मान देते. 'इथे नको' असं सांगणारं लक्ष्य हे लक्ष्यांमधलं सगळ्यात शहाणं लक्ष्य. ज्या प्रदेशात लांडगे संपवले गेले आणि हरणं रान ओरबाडायला लागली, तिथे शिकारीला परवानगी असावी की नसावी हा वाद मी इथे बसून मिटवू शकत नाही. पण ज्याला जायचंच आहे त्याने सराव न करता जाणं हे सराव करून जाण्यापेक्षा जास्त क्रूर आहे, हे मलाही कळतं. अणुव्रतं पाळणाऱ्या गृहस्थासाठी आमच्या शास्त्राने हिंसेचे चार भाग केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाकात, शेतीत, स्वसंरक्षणात जी होते ती कमी करत जायची. ठरवून, संकल्प करून केलेली मात्र पूर्ण सोडायची. त्या हिशेबात शिकार संकल्पीच, तिला सवलत नाही. पण सवलत नसलेल्या गोष्टीतही दुःख कमी करायची धडपड दिसली तर ती ओळखू नये, इतकं माझं मन अरुंद नाही.

माझी तक्रार चौथ्या कागदापासून सुरू होते. त्यावर खारी आहेत, कावळे आहेत, बिळाशी दोन पायांवर उभे राहिलेले प्रेअरी डॉग आहेत, आणि प्रत्येकाच्या अंगावर आकडे. हिला पाच गुण, त्याला दहा. इथे काळीज-फुप्फुस काही नाही, कारण दुःख कमी करण्याचा प्रश्नच नाही. हा घरात सगळ्यांनी मिळून खेळायचा कागद. मुलांच्या हातात पहिला बहुधा हाच पडत असेल. तो काय शिकवतो? जीव म्हणजे गुणांची बेरीज.

नेम साधण्याचा आनंद खोटा आहे असं मी म्हणत नाही. श्वास रोखायचा, मन एका बिंदूवर आणायचं, बोट हलकेच दाबायचं, ही जवळपास ध्यानाचीच रीत. पण त्या आनंदाला जनावर लागतंच का? ऑलिंपिकचा इतिहास पाहा. 1908 मध्ये लंडनला 'धावतं हरीण' नावाची स्पर्धा होती, शंभर मीटरवरून रुळावर धावणाऱ्या हरणाच्या चित्राला गोळी मारायची. स्वीडनच्या ऑस्कर स्वानने 1912 मध्ये चौसष्टाव्या वर्षी याच प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारा सर्वांत वयस्कर माणूस तोच. 1956 नंतर हरीण गेलं. 1972 मध्ये त्या जागी रानडुक्कर आलं. 1992 पासून रानडुक्करही गेलं, धावत राहिलं ते नुसतं वर्तुळ. आणि आज आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते पन्नास मीटरवरच्या वर्तुळावर, ज्यातलं दहा गुणांचं मधलं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं. जनावर पुसलं म्हणून नेमबाजीचं काही अडलं नाही. उलट ती जास्त अवघड झाली.

चित्राने काय फरक पडतो, शेवटी कागदच ना, असं कुणाला वाटेल. फरक पडतो, हे सैन्याने केव्हाच ओळखलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 च्या दशकात अमेरिकी सैन्याने सरावातली गोल लक्ष्यं बाजूला करून अचानक उभ्या राहणाऱ्या माणसाच्या आकाराची लक्ष्यं आणली. समोर माणसाचा आकार दिसताच हात आपोआप चालावा, हा हेतू. आकार काहीच करत नसता तर तो बदलला कशाला असता?

आणि हेच तर आमच्या यशोधराच्या कथेत हजार वर्षांपूर्वी सांगितलंय. सोमदेवसूरींनी 959 मध्ये 'यशस्तिलकचंपू' संस्कृतात लिहिलं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जन्न कवीने हीच कथा कन्नडमध्ये आणली. आमच्या सीमाभागात ती दोन्ही भाषांतून कानावर येते. गिरीश कार्नाडांनी त्यावर 1980 मध्ये 'हिट्टिन हुंज' हे नाटक लिहिलं. हिट्टिन हुंज म्हणजे पिठाचा कोंबडा. उज्जैनचा राजा यशोधर. अरिष्ट टळावं म्हणून आई म्हणते, देवीला कोंबडा बळी दे. राजाला हिंसा नको आणि आईचं मनही मोडायचं नाही. मग तोड निघते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. कुणीच मरणार नाही! पण कापताना मनात कापण्याचा भाव होता, आणि तेवढ्यासाठी मायलेकांना जन्मामागून जन्म जनावरांच्या योनीत फिरावं लागतं.

पिठाच्या कोंबड्यापाशीच ही कथा सगळे सांगून थांबतात. मला महत्त्वाचा वाटतो तो फेऱ्याच्या शेवटाकडचा जन्म. तेव्हा मायलेक खरोखरचे कोंबडे झालेले असतात. एका मुनींचा उपदेश ऐकून त्यांना पूर्वजन्म आठवतो आणि ते आनंदाने आरवतात. त्यांचा आवाज यशोधराच्याच मुलाच्या, आता राजा झालेल्या यशोमतीच्या कानावर पडतो. तो राणीला आपलं कौशल्य दाखवायला नुसत्या आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि दोघांना मारतो. भूक नव्हती, बळी नव्हता, राग नव्हता. फक्त नेम किती अचूक आहे हे दाखवायचं होतं. पिठाच्या जनावरापासून निघालेली गोष्ट नेमबाजीच्या प्रदर्शनापाशी येते आणि मुलगा बापाला मारतो.

सात व्यसनांच्या यादीत मांस एक व्यसन आणि शिकार दुसरं, अशी वेगळी का मोजली असतील, याचं उत्तर मला या प्रसंगात मिळतं. शिकारीचं व्यसन खाण्यात नसतं. ते सापडण्यात आणि लागण्यात असतं. जीपीएसचा नकाशा सापडणं सोपं करतो, छापलेलं लक्ष्य लागणं सोपं करतं. दोन्ही साधनं दुःख कमी करायला वापरता येतात आणि व्यसन वाढवायलाही, आणि कुठला कागद कशासाठी आहे हे कागदावरच लिहिलेलं असतं. ज्यावर काळीज-फुप्फुस दाखवलेलं आहे आणि 'इथे नको' म्हटलेलं आहे, तो कागद निदान कबूल करतो की समोर जीव आहे आणि त्याला दुखतं. खारीच्या अंगावर दहा गुण लिहिणारा कागद हे कबूलही करत नाही. पहिल्या कागदाशी मी वाद घालीन, पण आदराने. दुसऱ्याशी वाद घालण्यासारखं काही नाही, तो छापूच नये.

आणि ज्या घरात मुलाला नेम धरायला शिकवायचंच आहे, त्यांनी पहिला कागद साध्या वर्तुळाचा द्यावा. वर्तुळावर नेम बसला की मुलाला समजेल की मजा नेमात होती. मग मोठेपणी तो रानात गेलाच, तर हरीण समोर आल्यावर बंदूक खाली ठेवायची वाट त्याला निदान माहीत असेल.